बघून काढलं तर ती चोरी का?



परीक्षेत शेजारच्याचा पेपर बघून लिहिलं, तर ती सरळसरळ लबाडी. मग दुसऱ्याचं चित्र समोर ठेवून तसंच काढलं तर? ‘त्यात काय मोठंसं, बघून तर काढलंय!’ असं कुणीतरी म्हणतं आणि आपण हिरमुसतो.

पण ऐका. रूबेन्स हा युरोपातला नावाजलेला चित्रकार. 1628 साली तो माद्रिदला गेला, तेव्हा त्यानं पन्नाशी ओलांडली होती. राजेरजवाडे त्याच्याकडून चित्रं काढून घेत. तरी तिथं त्यानं काय केलं? राजाच्या संग्रहातली टिशियन या जुन्या उस्तादाची चित्रं समोर ठेवली आणि विद्यार्थ्यासारखी उतरवून काढली!

का बरं? कारण नुसतं बघणं वेगळं आणि काढण्यासाठी बघणं वेगळं.

एक उदाहरण घेऊ. नेदरलँड्समधल्या द हेग शहरात ‘मोत्याचं डूल घातलेली मुलगी’ हे चित्र आहे. व्हर्मीर या चित्रकारानं ते 1665च्या सुमारास तैलरंगात रंगवलं. आकार जेमतेम 44.5 बाय 39 सेंटिमीटर. डोक्याला निळं-पिवळं फडकं बांधलेली मुलगी मान वळवून आपल्याकडे बघतेय.

आता ती उतरवायला बसा. आधी चौकोन आखून हलकं रेखाटन. मग तपकिरी रंगात फक्त उजेड आणि सावली. खुद्द व्हर्मीरनंही तपकिरी-काळ्या छटांनीच सुरुवात केली होती, हे 2018 साली या चित्राची यंत्रांनी तपासणी झाली तेव्हा दिसलं. तो थर वाळला की त्वचेचे रंग. तैलरंग सावकाश वाळतो, त्यामुळे घाई चालत नाही. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त. उलटं झालं तर पुढे भेगा पडतात.

नाकाशी आलात की हात थांबतो. नाक आणि उजेडातला गाल यांच्यामध्ये रेघच नाही! दोन्हींचा रंग एकमेकांत मिसळलाय, तरी आपल्याला नाक दिसतं. आणि मोती? पांढऱ्या रंगाचे थोडेसे फटकारे, बस्स. कानात अडकवायला कडीसुद्धा नाही. मोती पुरा करतात आपलेच डोळे. हे शंभरदा नुसतं बघून कळलं नसतं.

मग लबाडी कुठे सुरू होते? सहीपाशी. हान व्हान मेगेरेन नावाच्या चित्रकारानं स्वतः चित्रं काढली आणि व्हर्मीरची म्हणून भरमसाट किमतीला विकली. मोठमोठे जाणकारही फसले. शेवटी बिंग फुटलं आणि 1947 साली त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. हात त्याचाही तयारच होता, पण नाव खोटं होतं. म्हणूनच पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात परवानगी काढून चित्रं उतरवायला बसणाऱ्यांना मूळ चित्रकाराची सही उतरवता येत नाही.

तेव्हा तुम्ही बिनधास्त उतरवा, फक्त कागदामागे लिहा : ‘व्हर्मीरच्या चित्रावरून’, आणि खाली तुमचं नाव.

आईबाबांसाठी दोन शब्द : सुरुवातीला तैलरंगच हवेत असं नाही, जलरंग किंवा खडूही चालतील. तैलरंग घेतलेच, तर खिडक्या उघड्या ठेवा आणि टर्पेंटाइन मुलांच्या हाती देऊ नका. व्हर्मीरचा पांढरा रंग शिशाचा, म्हणजे विषारी होता. तुम्ही टायटॅनियमचा घ्या. आणि ‘हुबेहूब जमलंय का?’ असं विचारण्याऐवजी ‘काढताना नवीन काय दिसलं?’ असं विचारून बघा.

करून पाहा : पुस्तकातला एखादा चेहरा उलटा धरून काढा. नाक-डोळे विसरून नुसते आकार दिसायला लागतील. काय काय सापडलं, ते वहीत लिहून ठेवा हं!