छत पेलणारी माणसं

इंग्लंडमधला जुना वाडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सरदार-दरकदारांचा थाट उभा राहतो. पण वाडा कोणाच्या जिवावर उभा होता, हे त्याच्या बांधणीतही दिसतं. केंट परगण्यातला ‘पेन्सहर्स्ट प्लेस’ पाहा. लंडनचा धनाढ्य कापडव्यापारी सर जॉन डी पुल्टनी याने १३४१ च्या सुमारास तो बांधायला घेतला. हा गृहस्थ चार वेळा लंडनचा महापौर झाला होता.

वाड्यातलं मुख्य दालन ६२ फूट लांब, ३९ फूट रुंद आणि तब्बल ६० फूट उंच. मधोमध अष्टकोनी उघडी शेकोटी. धुराडं नाहीच, धूर छतातल्या झरोक्यातून बाहेर जायचा. मालक आणि गडीमाणसं याच दालनात जेवत. एका छताखाली जेवत, म्हणजे समता होती का? छे! एका टोकाला उंच चौथरा, त्यावर मालकाचं मेज. दुसऱ्या टोकाला मुदपाकखान्याकडची दारं. चौथऱ्यापासून जितका माणूस दूर, तितका त्याचा मान कमी. पुढे पुढे तर इंग्लंडातल्या मालकांना तेवढाही शेजार नकोसा झाला. ते आपल्या खासगी खोलीत जेवू लागले. कवी विल्यम लँगलंड याने त्याच शतकात याबद्दल नाराजी लिहून ठेवली आहे.

आमचा पेशा कारकुनाचा, म्हणून नजर मजुरीकडे जाते. १३४८ साली इंग्लंडात प्लेग आला. १३४९ साली पुल्टनीही वारला. राबणारे हात कमी झाले, तसे उरलेले जास्त मजुरी मागू लागले. सरकारने काय करावं? १३५१ साली कायदाच केला, की मजुरी प्लेगपूर्वीच्याच दराने घ्यायची! वर डोईपट्टी. अखेर १३८१ साली याच केंटमधले आणि शेजारच्या एसेक्समधले कष्टकरी उठले, वॉट टायलरच्या मागे लंडनवर चालून गेले. टायलर मारला गेला, उठाव चिरडला. पण ती डोईपट्टी पुन्हा लादायची हिंमत सरकारला झाली नाही.

पुल्टनीचं ते दालन आजही उभं आहे. तिकीट काढून कोणालाही पाहता येतं. छताच्या तुळया जिथे भिंतीला टेकतात, तिथे माणसाएवढ्या लाकडी मूर्ती कोरल्या आहेत. त्या सरदारांच्या नाहीत, देवदूतांच्याही नाहीत. जमिनीवर राबणाऱ्या गडीमाणसांच्या म्हणून त्या ओळखल्या जातात. मान वर केली की दिसतात.