कारागीर घडविण्याचा खर्च कोणाचा?

नागपुरात सकाळी ठिय्यावर उभ्या राहिलेल्या माणसांत मिस्त्री कोण, बिगारी कोण, हे सांगणारा कोणताही दाखला त्यांच्यापाशी नसतो. मुकादमाची नजर हाच तेथील निवाडा. ज्या शहराने मिहान, मेट्रो आणि समृद्धी महामार्ग अशी प्रचंड बांधकामे एकाच पिढीत उभी राहताना पाहिली आणि ज्याच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयातून १९६० पासून सरकारी खर्चाने स्थापत्य अभियंते घडत आले, त्या शहरात अभियंत्याचा आराखडा प्रत्यक्षात उतरविणाऱ्या हाताचे शिक्षण मात्र दैवावर सोडले जावे, हा मला उघड अन्याय वाटतो.

या शिक्षणाची गरजच नाही, काम कामावरच शिकता येते, हा पहिला आक्षेप. ओळंबा कसा सोडावा, गुण्या कसा लावावा, गिलाव्यावर थापी कशी फिरवावी, हे उस्तादाच्या हाताखालीच साधते, हे निर्विवाद आहे. परंतु काँक्रीट सैल व्हावे म्हणून वरून ओतलेले पाणी त्याचे बळ घटविते. सळईखाली कव्हर ब्लॉकऐवजी विटेचा तुकडा सारला तर ओल आत शिरून सळई गंजते आणि स्लॅबचे पोपडे सुटू लागतात. वैशाखातल्या नागपुरी उन्हात नव्या स्लॅबवर दोन दिवस पाणी मारून थांबणे म्हणजे सिमेंटचे काम अर्धवट सोडणे होय, हे सारे ज्या मिस्त्रीला कोणीच सांगितले नाही, तो आपल्या हाताखालच्या पोराला काय सांगणार? परंपरेने हुन्नर जसा पुढे जातो, तशीच चूकही पुढे जाते.

दुसरा आक्षेप ठेकेदाराचा: मी पैसा ओतून गडी शिकवावा आणि त्याने चार आणे जास्त मिळताच शेजाऱ्याकडे जावे. एकट्या ठेकेदारापुरती ही तक्रार खरी आहे, आणि म्हणूनच हा खर्च सर्वांनी मिळून उचलावा लागतो. ब्रिटनने १९६४ च्या कायद्याने नेमके हेच केले: धंद्यातील मालकांकडून पट्टी वसूल करावयाची आणि जो शिकवील त्याला तीतून अनुदान द्यावयाचे. आपल्याकडे तर नवा कर बसविण्याचीही तसदी नको. १९९६ च्या कायद्याने बांधकामखर्चावर एक टक्का उपकर बसलेला आहे, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद कायम आहे.

येथे कामगार संघटना जो आक्षेप घेतात, तो मला सर्वांत वजनदार वाटतो. उपकराचा हा पैसा मजुरांचे अपघात, निवृत्तिवेतन आणि प्रसूती यांसाठी आहे. तो प्रशिक्षणाकडे वळविणे म्हणजे मजुराच्याच पैशाने मालकाची सोय पाहणे होय, असे त्या म्हणतात. या निधीच्या विनियोगाविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कठोर शब्दांत नापसंती व्यक्त केली होती, तेव्हा ही शंका निराधार नाही. म्हणून या लाभांचा हक्क पहिला. शिल्लक राहील तीतून प्रशिक्षण केंद्रांच्या इमारती, अवजारे आणि शिक्षकांचे वेतन भागवावे. शिकण्याच्या दिवसांची रोजंदारी मात्र मालकानेच दिली पाहिजे. हातावर पोट असणारा माणूस, वर्ग फुकट असला तरी, मजुरी बुडवून तेथे बसू शकत नाही.

मालकाचा हा वाटा स्वेच्छेवर सोडून भागणार नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने त्याच्यावर जबाबदारी टाकलेलीच आहे. परंतु मजूर पोटठेकेदारांच्या साखळीत विखुरलेला असल्याने ती कोणाच्या माथी मारावयाची, हेच ठरत नाही. महानगरपालिका, सुधार प्रन्यास आणि सार्वजनिक बांधकाम विभाग यांनी प्रत्येक निविदेत मूळ ठेकेदारावरच ही अट घालावी: एवढे शिकाऊ उमेदवार कामावर घ्यावेत, आणि दाखला मिळविणाऱ्यास मिस्त्रीचा दर द्यावा. त्या जागांपैकी ठरावीक जागा रेजांसाठी राखून ठेवाव्यात. घमेले वाहता वाहता जिचे केस पिकतात, तिच्या हाती थापी देण्यास आज एकही मुकादम तयार नाही. निविदेतील अटीने तो तयार होईल.