काम थांबवायचे कुणी?

16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात चालला आणि उष्माघाताने 14 जणांचा जीव गेला. तेच ऊन इथल्या टॉवरांवर स्लॅब भरणारे मजूर दर उन्हाळ्यात डोक्यावर घेतात. त्यांना ‘आता पुरे, सावलीत बसा’ म्हणणारा माणूस कागदोपत्री नेमलेला असतो: सेफ्टी ऑफिसर.

नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार-सुरक्षा संहितेने 250 कामगारांच्या बांधकामावर त्याची नेमणूक सक्तीची केली. आधी ही मर्यादा 500 होती. पाऊल चांगलेच आहे. पण साइटवर काय दिसते? हार्नेस अंगावर, हूक मात्र मोकळा लोंबतोय. टूलबॉक्स टॉकच्या, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षा-सूचनांच्या, रजिस्टरात सगळ्या सह्या एकाच वळणाच्या. सेफ्टी ऑफिसरला हे दिसत नाही असे नाही. पण त्याने काम थांबवले, तर महिनाअखेर पगार ज्याच्याकडे मागायचा त्याचेच वेळापत्रक कोलमडते.

मग काम थांबवण्याचा पूर्ण अधिकार त्यालाच द्यावा? बिल्डरांचा आक्षेप अगदीच पोकळ नाही. स्लॅब मध्येच थांबला तर कोल्ड जॉइंट पडतो, तिथून पुढे पाणी झिरपते. रोजंदारीवरचा मजूरही कुरकुरतो, कारण थांबलेला तास त्याच्याच हजेरीतून कापला जातो. शिवाय सगळा भार एकट्या सेफ्टी ऑफिसरवर टाकला, तर अपघातानंतर मालक आणि साइट इंजिनिअर हात झटकून मोकळे होतील आणि बळीचा बकरा आयताच सापडेल. हा शेवटचा धोका आम्हाला सर्वांत मोठा वाटतो.

तरीही पारडे अधिकाराच्या बाजूनेच झुकते. कोल्ड जॉइंटवर नंतर उपाय करता येतो, पंधराव्या मजल्यावरून पडलेल्या माणसावर नाही. आणि एप्रिलचे ऊन काही अचानक येत नाही. स्लॅब पहाटे किंवा संध्याकाळी भरायचे आधीच ठरवता येते.

राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे मुख्यालय इथून जवळच, बेलापूरला आहे. दर 4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, सुरक्षेची शपथ साइटोसाइटी घेतली जाते. ती खुशाल घ्यावी. पण जीव जाण्याची वेळ दिसताच काम थांबवण्याचा लेखी अधिकार सेफ्टी ऑफिसरला द्यावा, त्याचा पगार उपठेकेदाराच्या हाती ठेवू नये, थांबलेल्या तासांची मजुरी कापू नये आणि अपघाताची जबाबदारी मालकावरच राहावी. या चार अटी बांधकाम परवान्यातच घालाव्यात.