पुण्याचे गाणे, परक्यांची पारख

गाण्याविषयी लिहिण्याचा तुला अधिकार काय, असे एका वर्गमित्राने मला विचारले. अधिकार एवढाच, की मला दोन कान आहेत.

'ईझी वॉन्डरलिंग्ज' हा वाद्यवृंद पुण्याचा. त्याचा पहिला अल्बम 'अ‍ॅज रिटन इन द स्टार्स' २०१७ साली निघाला. गाणी इंग्रजी, इंग्रजी संगीतपत्रकारांनी त्यांचे कौतुकही केले. ते वाचूनच मी वसतिगृहात मित्राच्या मोबाइलवर ती ऐकली. निम्मे शब्द कळले नाहीत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. इंग्रजी माझ्याकडे क्रमिक पुस्तकातून आले. पण गिटारच्या सोबतीला बासरी आणि व्हायोलिन येतात, ते ऐकायला शब्दकोश लागत नाही. प्रतीका गोपीनाथ यांचा आवाज तर शेजारी बसून कोणी बोलावे तसा, कुठेही जोर न लावणारा.

माझी तक्रार आहे ती परीक्षणांविषयी. मी वाचली त्यांत विशेषणे उदंड. पण ही बासरी तिथे करते काय? ती राग मांडत नाही, ताना घेत नाही. मग तिचे काम कोणते? हा प्रश्न मराठी समीक्षकाने विचारावा असा आहे. वामनराव देशपांडे यांनी १९६१ साली 'घरंदाज गायकी'त स्वर आणि लय यांच्या नात्यावरून घराण्यांचे वेगळेपण उलगडून दाखवले. (पेशाने ते चार्टर्ड अकाउंटंट होते, हे माझ्या वर्गमित्राने ध्यानात घ्यावे!) एवढी कसदार परंपरा असलेल्या भाषेत या अल्बमवर एक परिच्छेदही माझ्या वाचनात आला नाही. १९५३ पासूनच्या सवाई गंधर्व महोत्सवाला आपली वृत्तपत्रे भरभरून जागा देतात, ते योग्यच. पण २०१० साली याच शहरात 'एनएच सेव्हन वीकेंडर' सुरू झाला, त्यातल्या गाण्याचे काय?

"इंग्रजी गाण्याशी आपला काय संबंध?" असे काही जण म्हणतील. इंग्रजीतला आनंद त्यांचा आणि आपल्या वाट्याला फक्त परीक्षा, ही वाटणी मला मान्य नाही.

आणि आपले म्हटले की दोषही सांगता येतात. हा अल्बम मला अंमळ जास्तच गोड वाटतो. गाण्यामागून गाणे त्याच मंद चालीने जाते. कुठे भांडण नाही, खरखर नाही. स्वारगेटला पहाटेच्या एसटीतून उतरणाऱ्याचे पुणे त्यात मला ऐकू आले नाही. ते गाणाऱ्यांनी गायलाच हवे असे नाही, पण त्यांना तसे कोणीतरी मराठीतून सांगायला हवे होते.