बाईचा धीर मोजताय, तिची शिफ्ट कोण मोजणार?

बायांनो, आणि घरातल्या पुरुषांनो, तुम्हीही वाचा.

स्कॉटलंडमध्ये 25 ते 64 वयाच्या बाईला ठरावीक वर्षांनी पत्र येतं: गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणी करून घ्या. मार्च 2020 पासून आधी एचपीव्ही विषाणू शोधतात, तो नसेल तर पुढची चाचणी पाच वर्षांनी. पैसे पडत नाहीत. नर्सचं काम काही मिनिटांचं. तरी आपल्यातल्या कितीतरी जणींची पत्रं फ्रिजवर चुंबकाखाली अडकून आहेत. का?

उत्तर शोधायला संशोधक बाईचा आत्मविश्वास मोजतात. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं 1977 साली मांडलेली कल्पना त्यामागे आहे: अडचणी असल्या तरी एखादं काम आपल्याला जमेल, याची माणसाला किती खात्री वाटते. मग प्रश्न येतात. लाज वाटली तरी जाल का? दुखेल असं वाटलं तरी? वेळ नसला तरी? आकड्यावर खूण करा, शेवटी बेरीज. बेरीज कमी आली की बाई कच्ची ठरली. द्या तिला माहितीपत्रक!

माझी हरकत इथंच आहे. लाज बाईच्या मनात असते, पण वेळ रोटावर असतो, आणि रोटा मॅनेजर लावतो. केअर होममध्ये बारा तासांची शिफ्ट करणारी बाई 'वेळ नसला तरी जाईन' यापुढे 'अजिबात नाही' अशी खूण करते, तेव्हा ती घाबरट नसते, खरं बोलत असते. साध्या तपासणीसाठी पगारी सुट्टी दिलीच पाहिजे, असा सरसकट कायदा या देशात नाही. त्यात व्हिसा मालकाच्या स्पॉन्सरशिपवर. नोकरी गेली तर साधारण 60 दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधा, नाहीतर परत जा. मग रजा मागायला जीभ उचलेल कशी? तो कमी आलेला आकडा मालकाचा आहे, बाईच्या नावावर मांडलाय.

भाषेचंही तसंच. मराठीत 'तुम्हाला आत्मविश्वास आहे का?' विचारलं, तर कुठली बाई 'नाही' म्हणेल? 'मंगळवारी दुपारी जाणं जमेल का?' विचारा, मग खरं कळेल. आणि दुभाषा म्हणून नवरा शेजारी बसवला असेल, तर तो कागद फाडून टाका.

आता आपल्या मुलखाकडे बघा. 1999 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या साथीनं मोठा अभ्यास सुरू झाला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका. कार्यकर्त्या गावात गेल्या, समजावलं, तपासणी जवळ आणली. एचपीव्ही चाचणी देऊ केलेल्या दर दहा बायकांपैकी जवळजवळ आठ जणी आल्या. त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू, तपासणी न दिलेल्या गटाच्या तुलनेत, जवळपास निम्मे झाले. शेतावर राबणाऱ्या, शाळा न पाहिलेल्या कितीतरी जणी त्यात होत्या. त्यांच्याकडे धीर कमी नव्हता, आणि वाटही सोपी करून दिली होती. त्याच अभ्यासावर पुढे टीका झाली, की एका गटाला तपासणीविना ठेवून नुसतं मोजत राहिले. टीका रास्त होती. मोजणाऱ्यानं काही द्यायलाही हवं.

म्हणून प्रश्नावली घेऊन कुणी आलं तर उत्तरं जरूर द्या. दबकू नका. पण त्यांनाही विचारा: माझं उत्तर मॅनेजरला कळणार नाही ना? कमी आकडा आला तर बदलणार काय, मी की रोटा? संध्याकाळची किंवा शनिवारची वेळ ठेवाल का?

तोवर आपल्या हातात आहे ते करू. जीपीकडे नाव नोंदवा; त्यासाठी पासपोर्ट, व्हिसा किंवा पत्त्याचा पुरावा दाखवायची सक्ती नाही. नाव नसेल तर पत्रच येणार नाही. बाई नर्स मागा. दुभाषा मागा, तो फुकट मिळतो. पाळी नसताना, संबंधानंतर किंवा पाळी बंद झाल्यावर रक्त गेलं, तर पत्राची वाट पाहू नका, सरळ जीपीकडे जा. पुरुषांनो, त्या दिवशी पोरं तुम्ही सांभाळा. आणि युनियनमध्ये असाल तर पुढच्या बैठकीत एकच मागणी ठेवा: तपासणीसाठी दोन तास, पगारासकट.