नकाशा कुणाच्या कपाटात?

एकाच भूखंडावर दोन इमारती उभ्या राहतात. पुढे रस्त्याला लागून विक्रीचा टॉवर, मागे झोपडीधारकांची पुनर्वसन इमारत. विकासक एक, वास्तुविशारद एक, सिमेंटची गाडीही तीच. टॉवरमध्ये फ्लॅट घेणारा माणूस 2017 पासून महारेराच्या संकेतस्थळावर मंजूर नकाशा, परवानग्या, कामाची प्रगती घरबसल्या पाहू शकतो. मागच्या इमारतीत जाणारा आमचा माणूस त्या कायद्याच्या नजरेत ग्राहकच नाही, कारण त्याने घर विकत घेतलेले नाही. पैसे मोजणाऱ्याला माहिती आणि जागा मोकळी करून देणाऱ्याला चावी व पेढा, असा हा न्याय आहे!

आपल्या वस्त्यांत परिशिष्ट-2 लोकांना तोंडपाठ असते. कोण पात्र, कोण अपात्र यावर रात्र रात्र बैठका होतात, आणि त्या व्हायलाच हव्यात. पण घर 225 चौरस फुटांचे 269 झाले, मग 300 झाले, या आकड्यापलीकडे आपण इमारतीची चौकशी करीत नाही. दोन इमारतींत अंतर किती, आगीचे पाणी कोणत्या पाइपातून येणार, हे आपल्याला माहीत नसते. नकाशा वास्तुविशारदाकडे, लोखंडाचा हिशेब संरचना अभियंत्याकडे, मंजुरी प्राधिकरणाकडे, ना हरकत अग्निशमन दलाकडे. एका इमारतीची माहिती चार कपाटांत, आणि एकाही कपाटाची किल्ली रहिवाशाकडे नाही.

ही कपाटे एक करण्याचे तंत्र जगात कधीच आले आहे. इमारतीची प्रत्येक भिंत, दार, वायर, पाइप संगणकावरील एकाच सामाईक नोंदवहीत भरायचा. एकाने जिना हलवला की अभियंत्याला, कंत्राटदाराला, मंजुरी देणाऱ्याला तो हललेला दिसतो. या माहितीसाठी कुणा एका कंपनीच्या मालकीचा नसलेला ‘आयएफसी’ नावाचा खुला नमुना आहे आणि 2013 पासून तो आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य आहे. ब्रिटनने 2016 पासून केंद्र सरकारच्या बांधकामांना ही पद्धत सक्तीची केली. लांब कशाला जायचे, आपल्या नागपूरची मेट्रो याच पद्धतीने बांधली गेली. मेट्रोच्या खांबाला जी शिस्त लागते ती गरिबाच्या घराला का लागू नये?

माहिती लपली की काय होते, ते लंडनने पाहिले आहे. 14 जून 2017 च्या रात्री ग्रेनफेल टॉवर जळाला आणि 72 माणसे गेली. श्रीमंत भागातली ही सरकारी घरांची इमारत. राहणारे बहुतांश कष्टकरी, त्यात अनेक स्थलांतरित. रहिवाशांनी आगीच्या धोक्याबद्दल आधीच ओरड केली होती, ती कुणी ऐकली नाही. बाहेरून लावलेले पत्रे पेट घेणारे होते. त्यानंतर ज्युडिथ हॅकिट यांच्या अहवालाने 2018 साली शिफारस केली की, इमारतीच्या जन्मापासूनची सगळी माहिती संगणकात एका अखंड धाग्यासारखी जपावी. 2022 च्या कायद्याने उंच निवासी इमारतींसाठी ती बंधनकारक झाली, आणि रहिवाशाला सुरक्षेची माहिती मागण्याचा हक्क मिळाला.

आपल्याकडे 6 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे गोरेगावच्या उन्नत नगरातील जयभवानी या पुनर्वसन इमारतीला आग लागली. किमान सात जण गेले. चौकशी, मदत, आश्वासने नेहमीप्रमाणे झाली.

आग निदान दिसते तरी. गोवंडीची नटवर पारेख वसाहत आणि मानखुर्दची लल्लुभाई वसाहत इथे क्षयरोग का वाढतो, याचा अभ्यास ‘डॉक्टर्स फॉर यू’ने 2018 साली मांडला. इमारतींत अंतर जेमतेम तीन मीटर, खालच्या मजल्यांवर ना ऊन ना वारा. बाजूच्या मोकळ्या बांधणीच्या पीएमजी कॉलनीत रोगाचे प्रमाण कमी आढळले. म्हणजे रोग नकाशातच मंजूर झाला होता! नकाशाची नोंद आणि आरोग्य खात्याची नोंद कधी एका ठिकाणी आली असती, तर पुढच्या वसाहती तरी तशा बांधता आल्या नसत्या.

दीक्षाभूमीचा प्रसंगही आठवावा. 1 जुलै 2024 रोजी भूमिगत वाहनतळाविरुद्ध समाज उतरला, कारण स्तूपाला धोका पोहोचेल अशी भीती होती. त्याच दिवशी कामाला स्थगिती मिळाली. खोदकाम किती खोल, स्तूपाच्या पायापासून किती दूर, हे सर्वांना आधीच उघड पाहता आले असते तर लोकांना रस्त्यावर यावे लागले नसते, असे आम्हाला वाटते.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात श्रममंत्री होते. केंद्राचे बांधकाम खातेही त्यांच्याच अखत्यारीत होते. आकडा हाती असल्याशिवाय ते सभागृहात बोलत नसत. त्यांचे नाव घेणारे आम्ही मात्र विकासकाच्या माणसाने दाखवलेल्या रंगीत चित्रावर सह्या करतो.

एक धोका आम्हाला दिसतो. सामाईक नोंदवही म्हणताच सरकार त्यात भिंतींऐवजी माणसे भरू लागेल. कोण भाडेकरू, कोण अपात्र, कुणाची जात काय! त्याला आमचा विरोध आहे. इमारतीची माहिती उघडी हवी, कुटुंबाची नव्हे.

तेव्हा करारनाम्यावर सही करण्यापूर्वी गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत ठराव घ्यावा. भोगवटा प्रमाणपत्राबरोबर इमारतीची पूर्ण संगणकीय नोंद खुल्या नमुन्यात संस्थेच्या ताब्यात द्यावी, तिचा मराठी गोषवारा जिन्याखाली लावावा, आणि काम चालू असताना झालेला प्रत्येक बदल त्यात तारखेसह असावा. विकासक नाही म्हणाला तर प्राधिकरणाकडे माहितीच्या अधिकारात मंजूर नकाशांच्या प्रती मागाव्यात. वस्तीत अभियांत्रिकी शिकणारी आमची पोरे-पोरी आहेत. ते नकाशे वाचून दाखवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे.