रात्रीची भूक आणि नफ्सचा बहाणा

वजन कमी करायला निघालेल्या बाईला आपल्याकडे दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. पहिले मोबाइलवरचे. ‘संध्याकाळी सात वाजले की स्वयंपाकघर बंद’ असं ते हसत हसत सांगतात. दुसरे घरातले आणि मोहल्ल्यातले. ते हसत नाहीत. ‘नफ्सवर काबू नाही, दुसरं काय!’ एवढं म्हणून मोकळे होतात. दोघांची भाषा वेगळी, निकाल एकच : रात्री साडेअकरा वाजता फरसाणाच्या डब्यात हात घालणारी बाई मनाने दुबळी आहे.

मला हा निकाल मान्य नाही. रात्रीची भूक रात्री तयार होत नाही. ती सकाळी फजरपासून तयार होत असते, आणि ती तयार करण्यात त्या बाईपेक्षा तिच्या घराच्या वेळापत्रकाचा हात मोठा असतो.

पालकसभा संपल्यावर आया वर्गात रेंगाळतात. मुलांचे गुण बोलून झाले की हळूच वजनाचा विषय निघतो. त्यांचा दिवस विचारा. सकाळी चहात बुडवून दोन बटर किंवा खारी. मग डबे, शाळा, सासूबाईंची औषधं. अकराला पुन्हा चहा. दुपारी तीनच्या पुढे जेवण, तेही मुलांच्या ताटात उरलेल्यापासून सुरुवात करून. संध्याकाळी ‘माझं डाएट चालू आहे’ म्हणून काही नाही. घरातले पुरुष इशानंतर हॉटेलात बसून साडेदहाला येतात. दस्तरखान अंथरला जातो, आधी ते जेवतात, मग मुलं, मग ही. डाएट म्हणून एकच चपाती. भांडी आवरून साडेअकराला ती दिवसात पहिल्यांदा निवांत टेकते, आणि हाताशी डबा असतो. त्या क्षणी तिला भूक आहे की फक्त थकवा, हे तिचं तिलाही सांगता येत नाही. येणार कसं? दिवसभर तिच्या भुकेकडे कोणी, अगदी तिनेही, लक्ष दिलेलं नसतं.

आता शरीर काय म्हणतं ते पाहू. फ्रँक शीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना प्रयोगशाळेत अशा पद्धतीने ठेवलं की जेवणाच्या आणि झोपेच्या वेळांचा परिणाम बाजूला काढता यावा. तरी शरीरातल्या घड्याळानुसार भूक सकाळी आठच्या सुमारास सगळ्यांत कमी आणि रात्री आठच्या सुमारास सगळ्यांत जास्त निघाली. म्हणजे सकाळी न खाणं सोपं असतं ते आपण निग्रही असतो म्हणून नाही. शरीर तेव्हा मागतच नाही. ‘नाश्ता सोडला, बघा किती जमतंय’ असा आनंद आपण सकाळी घेतो आणि त्याचं बिल रात्री येतं.

दुसरी गोष्ट झोपेची. शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, आणि वेगळ्या वेळी दोन रात्री दहा तास. कमी झोपेनंतर पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी आणि भूक चेतवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त आढळलं. मन ओढलं गेलं ते विशेषतः गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांकडे. थोडक्यात, आपल्या फरसाणाच्या आणि नानकटाईच्या डब्याकडे. हे दोन्ही प्रयोग बारा-बारा माणसांवरचे, लहान आहेत, हे सांगायलाच हवं. पण २०२२ मध्ये बोस्टनमध्ये सोळा वजनदार व्यक्तींवर झालेल्या प्रयोगातही तेच अन्न चार तास उशिरा दिल्यावर भूक वाढली आणि शरीराने जाळलेल्या कॅलरी घटल्या. सगळ्या खुणा एकाच दिशेने बोट दाखवतात. मग उशिरा जेवायला लावून, कमी झोपू देऊन, वर त्या बाईलाच नफ्सचं प्रवचन ऐकवणं याला काय म्हणावं?

पुरुषांना वाटतं, हा विषय बायकांचा. ‘मी तर बारीक आहे’ असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्यातलं उदाहरण आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपण हिंदुस्थानी माणसं दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार असू शकतो. म्हणून आपल्यासाठी लठ्ठपणाची रेष २५ वर धरतात, पाश्चात्त्यांसारखी ३० वर नाही, आणि कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर व बाईची ८० सेंटिमीटर ओलांडली की सावध व्हायचं. शर्टाखाली लपलेलं पोट मोजायला शिंप्याची टेप पुरते. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज आहे की देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. आपल्या मोहल्ल्यात हा आकडा कोणाला सांगावा लागत नाही. प्रत्येक घरात गोळ्यांची एक पिशवी खिळ्याला टांगलेली असते.

आणि तरी रात्री अकरा वाजता हॉटेलं भरलेली. कटिंगवर कटिंग, सोबत भजी किंवा समोसा, आणि जगाचं राजकारण. हदीसमध्ये आलंय की रसूलुल्लाह (स.) यांना इशाच्या आधी झोपणं आणि इशानंतर गप्पा मारत बसणं आवडत नसे. इल्म, पाहुणा, घरच्यांशी बोलणं यांची सवलत उलमा सांगतात. चौथ्या कटिंगची सवलत कोणी दिल्याचं माझ्या वाचनात नाही. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, ही तालीम तर प्रत्येकाला पाठ असते. गंमत अशी की ती बयानात सांगितली जाते आणि बयान संपल्यावर बिर्याणी येते. नफ्सचा मुद्दा काढायचाच असेल तर तो हॉटेलातल्या खुर्चीपासून काढा, स्वयंपाकघरातल्या पाटापासून नको. कारण साहेब साडेदहाला घरी येतात म्हणून तिचं जेवण अकराला होतं.

‘नवऱ्याआधी जेवणं बेअदबी आहे’ असं काही घरांत अजून मानतात. हा रिवाज आहे. शरीअतचा हुकूम नाही. प्रेमापोटी कोणी थांबत असेल तर तिची खुशी, पण मधुमेह असलेल्या बाईला थांबायला लावणं यात कसला अदब?

याची किंमत मुलंही मोजतात. पहिल्या तासाला माझ्या वर्गात डोळे मिटणाऱ्या मुलांना मी विचारते, रात्री कधी जेवलास? उत्तर बहुधा अकराच्या पुढचं असतं. अशी मुलं सकाळी उपाशी येतात आणि मधल्या सुट्टीत कुरकुऱ्यांची पाकिटं फोडतात. मुलं उशिरा झोपतात म्हणून सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. लहानांसाठी ते बरंच झालं. पण आपण अख्ख्या राज्याच्या शाळा हलवल्या, घरातलं जेवण मात्र अर्धा तासही हलवलं नाही.

आता इस्राफचं. ‘अन्न टाकणं गुनाह आहे’ म्हणून आई रात्री पातेल्यातला शेवटचा भात संपवते. अन्न वाया घालवू नये हे खरंच. पण कुरआनात खाण्यापिण्याच्या संदर्भातच मर्यादा ओलांडू नका असं बजावलं आहे, आणि भूक नसताना खाल्लेला भातही त्या मर्यादेबाहेरच जातो. तो कचऱ्याच्या डब्यात नाही, कमरेवर जातो, एवढाच फरक. झाकून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी कांदा-मिरची घालून परता. किंवा पातेलंच लहान घ्या.

रमजानबद्दल बोललं की लोक दुखावतात, तरी बोलते. रोज्यांच्या महिन्यात वजन वाढतं, ही तक्रार दर ईदला ऐकू येते. मगरिबला तळलेलं, तरावीहनंतर जेवण, मग मुंबईत मिनारा मशिदीजवळ नाहीतर पुण्यात कौसरबागेत मालपुवा आणि फिरनी, आणि परतल्यावर झोप न घेता थेट सहरी. ‘वर्षातून एकच महिना, आमची तहजीब आहे ती’ असं सांगतात. एखाद्या रात्री बच्चेकंपनीला घेऊन जायला माझीही ना नाही. मालपुवा मलाही आवडतो. पण रोज रात्रभर खाऊन दिवसभर झोपण्याला तहजीब म्हणायचं, तर रोजा नेमका कशाचा? आणि त्या तळणासाठी असरपासून चुलीपुढे कोण उभं असतं, हे मिरवणाऱ्यांच्या फोटोत कधी दिसत नाही.

‘आमचं दुकानच दहाला बंद होतं’ असं म्हणणारे असतात. त्यांचं बरोबर आहे. ते दुकानात डबा न्या आणि मगरिबनंतर तिथेच जेवा. घरी बायकामुलांनी त्यांची वाट पाहू नये. ते आले की सोबत बसावं, बोलावं, ताट फक्त त्यांचं असावं. मालेगाव-भिवंडीत बारा तासांच्या रात्रपाळीत लूम चालवणाऱ्याला तर ‘सातनंतर खाऊ नका’ हे सांगणं क्रूरपणा आहे. त्याने पाळीला जाण्याआधी डाळ-चपाती पोटभर खावी. मधल्या वेळेला उकडलेली अंडी किंवा भाजलेले चणे असावेत, चहात साखर अर्धी. पहाटे घरी येऊन निहारी-पाव खाऊन लगेच आडवं होणं मात्र टाळावं. मोबाइलवरच्या सल्लागारांना हा माणूस माहीतच नाही.

राहिली घरातली बाई. तिला मी सांगते ते फार साधं आहे, आणि त्याची सुरुवात रात्री होत नाही. सकाळी भूक नसली तरी एक अंडं, नाहीतर मूठभर मोड आलेले मूग, चहाच्या आधी. दुपारचं जेवण दोनच्या आत, स्वतःच्या ताटात वाढून. रात्रीचं मगरिब ते इशाच्या दरम्यान किंवा इशानंतर लगेच, आणि एक चपाती नव्हे, नीट जेवण : दोन चपात्या, डाळ, भाजी, असेल तर सालन. फरसाण महिन्याच्या किराण्यातून काढा. पन्नास ग्रॅम फरसाणात अडीचशेच्या आसपास कॅलरी असतात, दोन मध्यम चपात्यांहून जास्तच, आणि पन्नास ग्रॅम म्हणजे टीव्हीसमोर दोन मुठी. तरीही रात्री पोटात आग पडली तर खा. डोळे वटारणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. अर्धा कप बिनसाखरेचं दूध घ्या, काकडी घ्या, मूठभर चणे घ्या, बसून, ताटलीत, दिव्याच्या उजेडात. लपून उभ्याने खाल्लेलं कधी मोजलं जात नाही.

दोन ठिकाणी मात्र निग्रहाचा प्रयोग करू नका. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि रात्री घाम फुटून, हात थरथरून भूक लागत असेल, तर ती साखर उतरल्याची खूण असू शकते. ताबडतोब साखर किंवा गोड सरबत घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगून डोस तपासून घ्यायचा. स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही. आणि वारंवार झोपेतून उठून खाल्ल्याशिवाय पुन्हा झोपच लागत नसेल, तर अल्बर्ट स्टंकार्ड या मानसोपचारतज्ज्ञाने १९५५ मध्येच त्या आजाराचं वर्णन करून ठेवलं आहे. त्यावर इलाज होतो. अशा बाईला ताविज किंवा टोमणा देण्याआधी तिला दवाखान्यात न्या, आणि त्या दिवशी तरी तिच्या वाटेला आलेली भांडी घरातल्या दुसऱ्या कोणी घासा.